सहकुटुंब, सहपरिवार : ब्रॅन्सन नावाच्या गावाची गोष्ट



गेल्या महिन्यातलं व्याख्यान संपल्यावर एका जोडप्याने मला दाराशी गाठलं. म्हणाले, "सर, आमचा मुलगा सेंट लुइसला असतो. ऑक्टोबरात आम्ही त्याच्याकडे चाललोय. तो म्हणतोय, चार दिवस सगळे मिळून ब्रॅन्सनला जाऊ. तुम्ही मुलीकडे असताना तिकडे जाऊन आलात, असं कळलं. हे ब्रॅन्सन म्हणजे नेमकं काय?" मी घाईत होतो. "नाटका-गाण्यांचं गाव आहे, जाऊन या, मजा येईल," असं म्हणून मी रिक्षात बसलो. पण रिक्षा चौकात पोचेपर्यंत मनाला टोचायला लागलं. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'अपुरं उत्तर हे चुकीच्या उत्तराइतकंच घातक' असं सांगत आलो, आणि स्वतः मात्र असं उत्तर देऊन मोकळा झालो. तेव्हा आज ते उत्तर पूर्ण करायचा प्रयत्न करतो. ते दोघे आज इथे बसलेत, मला दिसतायत. बाकीच्यांनी ऑक्टोबरात जायचं नसलं तरी ऐकायला हरकत नाही.

अमेरिकेच्या नकाशावर साधारण मधोमध मिसूरी नावाचं राज्य आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, आर्कान्सा राज्याच्या सीमेलगत, ओझार्क नावाचा डोंगराळ मुलूख लागतो. डोंगर म्हणजे सह्याद्रीसारखे कडे नव्हेत. गोलसर, दाट झाडीच्या टेकड्या, मधून वळणं घेत जाणाऱ्या नद्या, आणि खाली सगळा चुनखडीचा दगड, त्यामुळे जागोजागी गुहा. तिथे टेनी कौंटीत ब्रॅन्सन वसलंय. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेबारा हजारांच्या थोडी वर. आपल्याकडे एखाद्या बऱ्याशा गावाची असते तेवढी. पण या गावात डझनावारी नाट्यगृहं आहेत. सकाळी दहाचा खेळ, दुपारी दोन-तीनचा खेळ, रात्री आठचा खेळ. सकाळी दहाला नाट्यगृह भरतं, हे ऐकून आपल्या नाट्यनिर्मात्यांच्या डोळ्यांत पाणी येईल!

आपल्या नाटकांच्या जाहिरातीत पूर्वी एक ओळ हमखास असायची: 'सहकुटुंब, सहपरिवार पाहावे असे'. त्या एका ओळीत निर्माता पुष्कळ काही कबूल करायचा. यात चावट काही नाही, आजीला अवघडल्यासारखं होणार नाही, मुलांना काही समजावून सांगावं लागणार नाही. ब्रॅन्सन हे अख्खं गाव त्या ओळीवर उभं आहे. मग प्रश्न असा पडतो की, एखादं गाव 'सहकुटुंब पाहावे असे' होतं, म्हणजे त्याच्या इतिहासाचं काय होतं? त्यातलं काय ठेवलं जातं, काय गाळलं जातं, आणि कोण गाळतं?

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात एक भेद केलाय, तो इथे उपयोगी पडतो. इतिहासकार जे घडलं ते सांगतो, कवी जे घडू शकेल ते सांगतो. ब्रॅन्सनला मला तिसराच प्रकार दिसला. जे घडायला हवं होतं, ते घडलं असं समजून सांगायचं. हा प्रकार वाईटच असतो असं मी म्हणत नाही. आपल्या घरातल्या आजोबांच्या गोष्टी बहुतेक याच प्रकारातल्या असतात. पण तो प्रकार ओळखता आला पाहिजे.

आता सुरुवातीपासून बघू. या मुलखात आधी ओसेज लोकांचा वावर होता, हे त्यांचं शिकारीचं रान. १८०८ च्या तहाने मिसूरीतला बहुतेक प्रदेश त्यांच्या हातून गेला. मग पूर्वेकडून, टेनेसी आणि केंटकीच्या डोंगरांतून, गरीब गोरे शेतकरी आले. जमीन खडकाळ, शेती जेमतेम, रस्ते नाहीत. १८८० च्या दशकात रूबेन ब्रॅन्सन नावाच्या गृहस्थाने इथे किराणा दुकान थाटलं आणि टपालाचं काम सुरू केलं. त्याच्या आडनावावरून गावाचं नाव पडलं. म्हणजे मूळ काय, तर एक दुकान आणि एक टपालपेटी.

पर्यटनाची सुरुवात जमिनीखालून झाली. गावाच्या पश्चिमेला एक प्रचंड गुहा आहे, तिला आता मार्व्हल केव्ह म्हणतात. विल्यम लिंच नावाच्या कॅनडाच्या माणसाने ती १८८९ मध्ये विकत घेतली आणि १८९४ पासून लोकांना दाखवायला सुरुवात केली. त्या काळी तिथवर पोचायचं म्हणजे बैलगाडीसारख्या वाहनातून दगडधोंड्यांवरून हाडं खिळखिळी करून घ्यायची. तरी लोक येत. लिंचच्या मागे त्याच्या दोन मुलींनी कित्येक वर्षं ती गुहा चालवली.

दुसरं निमित्त झालं एका पुस्तकाचं. हॅरल्ड बेल राइट नावाचा एक पाद्री होता. छातीच्या विकाराने बेजार. डोंगराची हवा मानवेल म्हणून १८९६ मध्ये तो या बाजूला आला. व्हाइट नदीला पूर आलेला, पुढे जाता येईना, म्हणून जॉन आणि ॲना रॉस या शेतकरी दांपत्याच्या घरी त्याने आसरा घेतला. मग उन्हाळ्यात तो पुन्हा पुन्हा येत राहिला, टेकडीवर तंबू ठोकून राहू लागला. त्यातून 'द शेफर्ड ऑफ द हिल्स' ही कादंबरी झाली. साल १९०७. शहराला कंटाळलेला एक म्हातारा डोंगरात येतो, मेंढ्या राखतो, साध्या माणसांत राहून त्याच्या मनाची जखम भरते, अशी गोष्ट. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

आणि मग गंमत झाली. वाचक कादंबरीतलं घर शोधत यायला लागले! १९०६ मध्ये व्हाइट नदीच्या खोऱ्यातून रेल्वे आली होती, त्यामुळे येणं सोपं झालेलं. लोक रॉस दांपत्याच्या दारात उभे. "कादंबरीतला म्हातारा मॅट तुम्हीच ना?" दोघांनी काही वर्षं सोसलं, शेवटी घर सोडून दुसरीकडे गेले. म्हणजे ज्या साध्या शांत जीवनाचं वर्णन वाचून लोक आले, ते जीवन त्या लोकांच्या येण्यानेच संपलं. पुढे पर्ल स्परलॉक नावाची एक टॅक्सीवाली बाई प्रवाशांना मोटारीतून ही सगळी 'स्थळं' दाखवत फिरायची आणि वाटेत किस्से सांगायची. कल्पित माणसांची खरी घरं! आपण याला हसायचं कारण नाही. पुराणातल्या प्रसंगांची स्थळं दाखवणारे वाटाडे आपल्याकडेही गावोगाव आहेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. १९१३ मध्ये व्हाइट नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण झालं, त्यातून टेनीकोमो नावाचा तलाव तयार झाला. टेनी, कौंटी आणि मिसूरी या तीन शब्दांच्या पहिल्या अक्षरांची मोळी बांधून ते नाव केलंय. काठावर होड्या, मासेमारी, लाकडी कुट्या आल्या. मग १९५८ मध्ये वरच्या बाजूला टेबल रॉक हे मोठं धरण पूर्ण झालं. खोऱ्यातली शेतं पाण्याखाली गेली आणि पर्यटकांना आणखी मोठा तलाव मिळाला. धरणात कुणाचं काय जातं आणि कुणाला काय मिळतं, हे या सभागृहात मी वेगळं सांगायला नको.

आता नाट्यगृहांकडे येतो. इथे एका नावाची कथा सांगितली पाहिजे. अमेरिकन यादवी युद्धानंतर या डोंगरांत कायद्याचा मागमूस नव्हता. खून व्हायचे, शिक्षा व्हायची नाही. १८८५ मध्ये नॅट किनी नावाच्या धिप्पाड माणसाच्या पुढाकाराने टेनी कौंटीत एक टोळी उभी राहिली. एका झाडं नसलेल्या टेकडीवर ते जमायचे म्हणून त्यांचं नाव पडलं बाल्ड नॉबर्स. आपण 'बोडक्या टेकडीवाले' म्हणू. सुरुवात गुन्हेगारांना धाक बसवण्यासाठी झाली. पण त्याच वर्षी त्यांनी दोन भावांना तुरुंगातून बाहेर ओढून फासावर लटकवलं. मग चाबकाचे फटके, धमक्या, जुने हिशेब चुकते करणं. शेजारच्या कौंटीतल्या शाखेचे लोक शिंगं असलेले काळे बुरखे घालून रात्री फिरायचे. १८८८ मध्ये किनीचा खून झाला, आणि १८८९ मध्ये शेजारच्या कौंटीत तिघांना खुनासाठी कायदेशीर फाशी झाली. म्हणजे न्यायासाठी निघालेली माणसं सूडाकडे कशी वळतात, याचा हा पाठ्यपुस्तकात घालावा असा नमुना.

त्यानंतर ७० वर्षांनी, १९५९ मध्ये, मेब आडनावाच्या चार भावांनी टेनीकोमोच्या काठावर प्रवाशांसाठी गाणी-विनोदांचा खेळ सुरू केला. वाद्यं कसली? कपडे धुवायच्या टबाला दोरी बांधून केलेला खर्जाचा तंबोरा, कपडे घासायची पत्र्याची फळी आणि खेचराच्या जबड्याचं हाड. आणि या खेळाला नाव दिलं, बाल्डनॉबर्स! ज्या नावाने आजोबांच्या पिढीचा थरकाप व्हायचा, त्या नावावर नातवंडांची पिढी खदखदून हसू लागली. मी यावर बराच विचार केलाय. हे विस्मरण म्हणायचं, की भीतीवर मिळवलेला विजय? मला वाटतं, दोन्ही. ज्या घरात त्या टोळीने माणूस मारला, त्या घरातल्यांना हा विनोद कसा वाटला असेल, हे विचारायला मात्र रंगमंचावर कुणी नव्हतं.

१९६० साल ब्रॅन्सनसाठी मोठं. त्या वर्षी राइटच्या कादंबरीचं नाटक उघड्यावर, डोंगरातच, सुरू झालं. आणि त्याच वर्षी १ मे रोजी गुहेच्या तोंडाशी 'सिल्व्हर डॉलर सिटी' उघडली. ह्यूगो हर्शेंड हा शिकागोचा व्हॅक्यूम क्लीनर विकणारा माणूस. त्याने १९५० मध्ये ती गुहा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतली. पाच वर्षांत तो वारला. त्याची बायको मेरी आणि दोन मुलगे यांनी कारभार हाती घेतला. गुहेत जायला पाळी येईपर्यंत लोक ताटकळत बसायचे. त्यांचा वेळ जावा म्हणून या मंडळींनी जुन्या काळातलं एक छोटं गाव उभं केलं. लोहाराचं दुकान, वाणसामानाचं दुकान, आइस्क्रीम, लाकडी चर्च. दुकानात सुटे पैसे परत द्यायचे ते चांदीच्या डॉलरच्या नाण्यांत. लोक परतीच्या वाटेवर पेट्रोल भरताना ती नाणी काढायचे, पंपवाला विचारायचा, "ही कुठून आणली?" झाली जाहिरात. फुकट! याला म्हणतात डोकं.

गावाच्या रस्त्यावर तेव्हा हॅटफील्ड आणि मॅकॉय या दोन घराण्यांचं भांडण करून दाखवायचे. अमेरिकेत हे वैर प्रसिद्ध आहे. पण ते घडलं केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर, इथून शेकडो मैल दूर. स्वतःच्या मातीतलं बोडक्या टेकडीवाल्यांचं खरं वैर असताना, दुसऱ्याचं वैर आयात केलं. का? तर ते सगळ्यांना ठाऊक होतं. १९६९ मध्ये 'द बेव्हर्ली हिलबिलीज' या दूरदर्शन मालिकेचे पाच भाग इथे चित्रित झाले, आणि हे गाव देशभरच्या दिवाणखान्यांत पोचलं.

१९६७ मध्ये प्रेस्ली कुटुंबाने (एल्व्हिसशी यांचा संबंध नाही) हमरस्ता क्रमांक ७६ वर पहिलं नाट्यगृह बांधलं. त्याची जमीन सपाट ठेवली. कारण धंदा बसला तर होड्या ठेवायची वखार म्हणून ते विकता यावं! मला हा तपशील फार आवडतो. धाडस करणारा माणूस असाच असतो. एक डोळा रंगमंचावर, दुसरा होड्यांवर. पुढच्या वर्षी बाल्डनॉबर्सही त्याच रस्त्यावर आले. आजोबा बासरीवर, मुलगा गिटारवर, सून तिकीट फाडायला, नातू विदूषक, अशी घरंच्या घरं रंगमंचावर उभी राहिली. प्रेक्षकांत कुटुंब आणि समोरही कुटुंब.

१९८३ मध्ये दूरदर्शनवरचा प्रसिद्ध गायक-वादक रॉय क्लार्क याचं नाव लावलेलं नाट्यगृह झालं आणि एक नवीन गणित लोकांच्या लक्षात आलं. आपल्याकडे तमाशाचा फड जत्रेमागून जत्रा फिरतो, गाव जागेवर असतं. अमेरिकेतही गायक बसगाडीत झोपून गावोगाव फिरायचे. ब्रॅन्सनने हे उलटं केलं. गायक घर बांधून इथेच राहील, बसगाड्यांत बसून प्रेक्षक येतील. साठीतल्या कलावंताला यापरतं सुख कुठलं? बॉक्सकार विली आला, मेल टिलिस आला. १९९२ मध्ये अँडी विल्यम्सने स्वतःचं मून रिव्हर थिएटर उघडलं. त्याआधी, डिसेंबर १९९१ मध्ये, 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमाने या गावाला साऱ्या विश्वाची संगीत-राजधानी म्हटलं. १९९० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ३,७०६. एकच मुख्य रस्ता. पुढे काय झालं असेल, त्याची कल्पना पुणेकरांना द्यायला नको. वाहनं तासन्‌तास जागची हलेनात.

यांत मला सगळ्यांत रंजक वाटलेला माणूस म्हणजे शोजी ताबुची. जपानचा. विद्यार्थी असताना ओसाकात रॉय एकफचा कार्यक्रम ऐकला आणि व्हायोलिनच्या त्या ग्रामीण अमेरिकन ढंगाने वेडा झाला. अमेरिकेत आला, धडपडला, आणि १९९० मध्ये ब्रॅन्सनला स्वतःचं नाट्यगृह काढलं. त्याच्या वादनाइतकीच त्याच्या नाट्यगृहातली आलिशान स्वच्छतागृहं प्रसिद्ध होती! २०२३ मध्ये तो वारला. पर्ल हार्बर पाहिलेली पिढी एका जपानी माणसाला टाळ्या द्यायला रांगा लावत होती, ही गोष्ट लहान नाही. पण हेही खरं की, तो त्यांचंच संगीत वाजवत होता. परक्याला दार उघडं होतं. आत आल्यावर गायचं ते घरचंच गाणं.

आता थोडं आमच्याबद्दल. २०१६ मध्ये आम्ही गेलो. मी, आमच्या सौ., मुलगी, जावई आणि ११ वर्षांची नात. जावयाने संगणकावर तक्ता केला होता, तीन दिवसांत आठ कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी दुपारी सौ. म्हणाली, "आता मला कुणी गाऊन दाखवू नका. मला त्या पाण्याकाठी बसू दे." सहलीतला तो सगळ्यांत चांगला तास ठरला.

एका नाट्यगृहात मध्यंतराआधी निवेदकाने सैन्यात नोकरी केलेल्यांना उभं राहायची विनंती केली. इथे हे जवळपास प्रत्येक खेळात होतं. आमच्या शेजारी वॉकर घेऊन आलेला एक म्हातारा होता. तो मोठ्या कष्टाने उठला. व्हिएतनामला जाऊन आलेला. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि तो ओठ घट्ट मिटून समोर बघत होता. व्हिएतनामहून परतलेल्यांचं त्यांच्या देशाने स्वागत केलं नव्हतं. ब्रॅन्सनने ते, उशिरा का होईना, केलं. नोव्हेंबरात तर माजी सैनिकांसाठी आठवडाभर कार्यक्रम असतात. तोवर मी मनातल्या मनात या गावाला थोडा हसत होतो. त्या म्हाताऱ्याकडे बघून हसणं थांबलं.

पण दुसऱ्याच दिवशी, त्या जुन्या काळच्या गावात फिरताना, नातीने मला विचारलं, "आजोबा, जुन्या काळात इथे आपल्यासारख्या रंगाचे लोक नव्हतेच का?" मी म्हटलं, "आइस्क्रीम खायचं का?"

प्राध्यापक म्हणून मला त्या उत्तराची लाज वाटली. परत आल्यावर वाचन केलं. ब्रॅन्सनच्या उत्तरेला तासाभरावर स्प्रिंगफील्ड शहर आहे. १९०६ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आदल्या रात्री, तिथे हजारोंच्या जमावाने तीन कृष्णवर्णीय माणसांना तुरुंगातून ओढून भर चौकात फाशी दिली आणि त्यांची प्रेतं जाळली. ज्या मनोऱ्यावर लटकवलं, त्याच्या माथ्यावर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची प्रतिकृती होती. त्यानंतर कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं ते शहर सोडून गेली. ते साल लक्षात घ्या. त्याच वर्षी या डोंगरांत रेल्वे आली, आणि पुढच्याच वर्षी ती साध्याभोळ्या माणसांची कादंबरी. तेव्हा नातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, "होते बेटा. या मुलखात होते. त्यांना राहू दिलं नाही." जुन्या काळाचा जो देखावा आपण तिकीट काढून बघतो, त्यातली माणसांची निवड आपोआप झालेली नाही.

रंगमंचही अगदी थिजलेला नाही म्हणा. डॉली पार्टनच्या नावाची एक भोजनशाळा तिथे आहे, जेवता जेवता घोड्यांच्या कसरती बघायच्या. जेवायला काटे-चमचे देत नाहीत, हाताने खायचं. अमेरिकन मुलांना त्याचं कोण अप्रूप! आमची नात म्हणाली, "यात काय, आजी रोज असंच जेवते." तर तिथे प्रेक्षकांचे उत्तर आणि दक्षिण असे दोन पक्ष करायचे, यादवी युद्धाची आठवण म्हणून, पण गुलामगिरीचा शब्दही न काढता. नावात 'डिक्सी' हा जुन्या दक्षिणेचा शब्द होता. टीका झाली आणि २०१८ मध्ये तो शब्द काढला. एक शब्द गेला. एवढंच, पण तेवढं झालं.

आणि त्याच २०१८ ची दुसरी गोष्ट. ती सांगताना मला आजही कसंतरी होतं. दुसऱ्या महायुद्धात पाण्यात आणि जमिनीवर चालणारी लष्करी वाहनं होती. त्या धर्तीच्या 'बदक' गाड्या पर्यटकांना रस्त्यावरून फिरवून थेट तलावात उतरवायच्या. आम्ही २०१६ मध्ये तसल्या गाडीत बसलो होतो. सगळ्यांनी बदकासारखं ओरडायचं, चालकाने विनोद करायचे. वर छत, बाजूला पडदे. जीवरक्षक जाकिटं टांगलेली होती, ती कुणी घातली नव्हती. मीही नातीला घाल म्हटलं नाही.

१९ जुलै २०१८ च्या संध्याकाळी टेबल रॉक तलावावर अशीच एक गाडी वादळात सापडून बुडाली. ३१ जण होते, १७ गेले. त्यांतले नऊ एकाच कुटुंबातले, सहलीला आलेले ११ जण होते ते. हवामान खात्याने वादळाचा इशारा दिलेला होता. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत गाडी पाण्यात उतरली. एरवी आधी रस्त्यावरची फेरी असायची आणि मग तलाव. त्या दिवशी वादळ येणार म्हणून क्रम बदलून तलाव आधी घेतला. १९९९ मध्ये आर्कान्सात अशाच गाडीत १३ जण बुडाले होते. छतामुळे माणसं आत अडकतात, हे तेव्हाच्या चौकशीत स्पष्ट झालं होतं आणि सूचनाही झाल्या होत्या. त्या अंमलात आल्या नाहीत.

मी हे का सांगतोय? आनंदाच्या कार्यक्रमात भीतीचा शब्द काढायला माणूस संकोचतो. बाकीचे हसत असताना "जाकीट घाल" म्हणणारा आजोबा रसभंग करणारा वाटतो. 'सहकुटुंब' या शब्दाचा हा धोका आहे. इथे सगळं आपल्यासाठी, आपल्या मुलांसाठी तपासून ठेवलेलं असणार, असं आपण गृहीत धरतो. इतिहासाबद्दलही तेच गृहीत धरतो आणि सुरक्षिततेबद्दलही. दोन्ही ठिकाणी विचारण्याचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आता त्या दोघांसाठी, ठरल्याप्रमाणे, व्यवहाराचं. सेंट लुइसहून मोटारीने साधारण चार तास लागतात. ऑक्टोबर उत्तम; टेकड्यांवर पानांचे रंग बदललेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ नका, पुष्कळ काही बंद असतं. नोव्हेंबरपासून नाताळचे खेळ सुरू होतात. दिवसाला एकच कार्यक्रम ठरवा. चार दिवसांत चार पुष्कळ झाले. त्यांतला एक तरी घरगुती फडाचा असू द्या, मोठ्या नावाचा नको. गुहा जरूर बघा, पण शेकडो पायऱ्या आहेत. गुडघ्याला विचारून उतरा. कुणी रस्त्यात फुकट तिकिटं देऊ केली, तर त्या बदल्यात दीड-दोन तास सुट्टीतल्या घराची मालकी विकणाऱ्याचं भाषण ऐकावं लागतं. तुमचे दोन तास तिकिटापेक्षा महाग आहेत. तलावावर जायचं तर सकाळी हवामान बघा आणि जाकीट घाला, कुणी हसलं तरी. दुपारचा एक तास रिकामा ठेवा. तो तक्त्यात लिहूनच ठेवा, नाहीतर मुलगा त्यात कार्यक्रम घालेल.

आणि परतताना वाटेत स्प्रिंगफील्ड लागतं. तिथल्या मुख्य चौकात दहा मिनिटं उतरा. नातवंडांनी काही विचारलं, तर जेवढं समजेल तेवढं सांगा. माझी नात आता वीस वर्षांची झालीय. गेल्या वर्षी फोनवर तिला ते राहिलेलं उत्तर दिलं. ती म्हणाली, "आजोबा, मी ते शाळेत असतानाच शोधून वाचलं होतं. तुम्हाला माहीत नसेल असं वाटलं, म्हणून बोलले नाही."

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आज मी रिक्षाला उशिराची वेळ दिलीय.